गणवेशाची साडी

"घाम तुमच्या लोकांना नवा आहे का हो, बाई?"

कोथरूडमधल्या आमच्या शाळेच्या सभागृहात, पालक मातांच्या देखत, संचालिकाबाईंनी माझ्या पत्नीला हे विचारले. पुढच्या रांगेत कोणीतरी हसले. पत्नी प्राथमिक विभागात शिकवते. मी माध्यमिकला मराठी शिकवतो. आम्ही हडपसरच्या वस्तीतून आलेलो. 'तुमचे लोक' म्हणजे कोण, हे तिथे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

तिचा अपराध एवढाच, की कार्यक्रमाला शिक्षिकांनी नेसायची ती चकचकीत, कृत्रिम धाग्याची गणवेशाची साडी तिने नेसली नव्हती. सुती नेसली होती. पाळी जाण्याच्या या वयात तिच्या अंगातून अचानक वाफा उठतात. शिकवता शिकवता मान, पाठ भिजते. झोप तुटते. डॉक्टरांनी तपासून सांगितले होते : सुती, सैल कपडे घाला, रोज चाला, चहा कमी करा, जेवणात नाचणी, तीळ असू द्या, त्रास वाढला तर औषधाचे पाहू. बाकी सारे घरात जमत होते. सुती साडीला मात्र शाळेची परवानगी लागत होती. ती मिळाली नाही. नियम सर्वांना सारखा, असे उत्तर आले.

आणि त्या दिवशीचे व्याख्यान होते रजोनिवृत्तीच्या काळात स्त्रीने नैसर्गिक उपायांनी स्वतःला कसे जपावे, यावर. "कृत्रिम धाग्याचे कपडे टाळा," असे सांगून वक्त्या नुकत्याच बसल्या होत्या. मातांनी माना डोलावल्या होत्या. पत्नी त्यांना नाचणीचे लाडू वाटत होती.

मी मंचावर होतो. आभारप्रदर्शन माझ्याकडे होते. संचालिकाबाई माझ्याकडे वळल्या. "सर, घरी जरा शिस्त लावा."

मी हसलो.

होय, हसलो. सकाळी मीच तिला म्हणालो होतो, "आजच्या दिवस नेस ना ती. कशाला नजरेत यायचं?" तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, "तुम्ही नेसून बघा."

तिने लाडवांचे ताट टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती. संचालिकाबाईंच्या शब्दांनी जे झाले नव्हते, ते त्या नजरेने झाले.

मी माईकपाशी गेलो. आभाराची नावे तोंडपाठ होती. एकही घेतले नाही.

"आज इथे जे सांगितले गेले, तेच माझी पत्नी करते आहे," मी म्हणालो. "त्याबद्दल तिची जात काढली गेली. मी हसलो, याची मला लाज वाटते. आभार मी मानणार नाही."

"सर, माईक ठेवा."

ठेवला. दोघेही बाहेर पडलो. स्कूटरवर मागे बसताना ती म्हणाली, "बोललात. पण आधी हसलात."

"हो."

आता संस्थेला माझ्याकडून लेखी माफीनामा हवा आहे. तो मी देणार नाही. माफी मागायची होती तिची, मागितली. तिने ती अजून दिलेली नाही, आणि मी घाई करणार नाही.

सोमवारी ती सुती साडीतच शाळेत जाईल. तिला फाटकावर अडवले, तर मीही आत जाणार नाही. आणि का गेलो नाही, हे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी तिथेच उभा राहून सांगेन.