पुरुषांच्या कोटाचा आतला खिसा

माझा कोट पुरुषांचा आहे. अमेरिकेत आल्यावर ॲन आर्बरमधल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेला, काळा, खांद्यात ढगळ. घेतला तो आतल्या खिशासाठी.

त्याआधीचा बायकांचा कोट मोठा देखणा होता. बाहेरून खिशांची दोन ऐटबाज झाकणं; उचलून बघावं तर खाली खिसाच नाही. नाव मोठं, लक्षण खोटं! मला कॉलेजपासून डायबेटिस आहे, जेवणाआधी इन्सुलिन टोचावं लागतं. त्याचं पेन मी पर्समध्ये ठेवायचे. जानेवारीत एकदा बस फारच उशिरा आली आणि ते गोठलं. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. बाईला सोबत काही न्यायचंच नसतं, असं वाटतं का हे कोट शिवणाऱ्यांना? पुरुषांच्या कोटात मात्र छातीशी, अस्तरात, बटणाचा खिसा असतो. अंगाची ऊब थेट पेनाला मिळते. वारा शिरू नये म्हणून चेनवर वेगळी पट्टी, बाहीच्या आत मनगट घट्ट धरणारा विणलेला काठ. नुसतं शोभेचं काही नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर कोट दाखवला. "तो खिसा कुणापुढे उघडू नकोस हं," ती म्हणाली. "तिथल्या काकू स्थळं सुचवतात. एकदा कळलं की संपलं सगळं."

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं, त्यातल्याच एका काकूंकडे. सगळ्यांचे कोट बेडरूममध्ये पलंगावर टाकलेले. पानं वाढायची वेळ झाली तेव्हा काकू माझा कोट हातात धरून हॉलमध्ये आल्या.

"अगं, हा जेन्ट्सचा कोट कुणाचा? कुणाचे मिस्टर आलेत की काय? आज लेडीज ओन्ली आहे हं!"

सगळ्या हसल्या.

"माझा आहे, काकू."

"तुझा? मुलीच्या जातीला शोभतो का हा? तुझ्यासाठी सनीव्हेलचा एक छान मुलगा बघून ठेवलाय मी. त्याच्या आईने हे ध्यान पाहिलं तर?"

मला संताप आला. काकूंचा कमी, आणि आईच्या त्या भीतीचा जास्त, जी मी इतके दिवस मुकाट्याने वागवत होते. बाथरूममध्ये जाऊन गुपचूप टोचून घेता आलं असतं. आजवर तेच करत आले होते.

मी कोट त्यांच्या हातातून घेतला, खिशाचं बटण उघडलं, पेनाला सुई लावली. तिथेच सोफ्यावर बसून, काळ्या साडीचा पदर बाजूला करून पोटात टोचली.

"मला डायबेटिस आहे, काकू. हे पेन थंडीत गोठू नये म्हणून हा कोट आहे. त्या मुलाच्या आईला दोन्ही सांगा."

मी ताट पुढे केलं.

"आता गुळाची पोळी वाढा. आणि तूप घालताना हात आखडू नका."