निजलेला मारुती आणि देवबागचं पाणी

सात महिने मी आडवा झालो नव्हतो. वाचून कुणी हसेल, पण खरं आहे. बायपास होऊन दवाखान्यातून घरी आलो, पहिल्याच दिवशी पलंगाला पाठ टेकली आणि छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटलं. उठून बसलो तो बसलोच. तेव्हापासून खिडकीजवळची हातांची प्लास्टिकची खुर्ची हाच माझा बिछाना झाला. डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहून तीनदा सांगितलं, आता चाला, फिरा, पाण्यात उतरा, झोपा, कशाची बंदी नाही. पण भीतीला रिपोर्ट वाचता येत नाही. डोळा लागला आणि तेवढ्यात आतलं ते थांबलं तर, या धास्तीनं मी मनगटावर दोन बोटं ठेवून बसायचो. बायको पलंगावर असायची, पण तिचं तोंड माझ्या खुर्चीकडं. माझ्यापायी तिचीही झोप उडाली होती. ते मला दिसत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

खरं तर पहाऱ्याची खोड माझी जुनीच. एकतीस वर्षं मी आमच्या शहरात पाणीपुरवठ्याचा लाइनमन होतो. आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या गल्लीची पाळी असेल तिथं जायचं, लांब लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह उघडायचा, वेळ झाली की बंद करायचा. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की बायका पदर खोचून घागरी बाहेर काढायच्या. एवढी वर्षं असं झालं की माणसाला वाटायला लागतं, आपण चावी फिरवल्याशिवाय जगात काही वाहत नाही. घरातही तेच. गॅस बंद आहे का ते मी बघणार, दाराची कडी मी बघणार, बायकोनं लावलेली असली तरी पुन्हा एकदा बघणार. ती म्हणायची, तुम्हाला देवानं चुकून माणूस केलं, कुलूपच करायचं होतं.

देवाशी तर मी चक्क अबोला धरला होता. खुलताबादचा भद्रा मारुती हे आमच्या घराचं श्रद्धास्थान. तिथं मारुती उभा नाही, आडवा निजलेला आहे. एका राजाचं रामभजन ऐकता ऐकता त्याला भावसमाधी लागली आणि तो तिथंच पडून राहिला, अशी कथा लहानपणापासून ऐकत आलो. नोकरीत असताना एक शनिवार मी सहसा चुकवला नाही. ऑपरेशनच्या वेळी बायकोनं नवस बोलला होता, हे धडधाकट घरी आले की जोडीनं दर्शनाला येईन. ती अधूनमधून आठवण करून द्यायची, मी टाळायचो. एकदा चिडून म्हणालो, "तो पडलाय निवांत, अन् मी बसलोय जागत. त्यालाच येऊ दे आता इकडं." तिनं नुसते हात जोडून माझ्या वतीनं माफी मागितली.

शेवटी पुण्याहून आमची लेक जावयाला घेऊन आली आणि तिनं आम्हाला जवळजवळ उचलूनच कोकणात नेलं, तारकर्लीच्या पुढं देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. एवढं पाणी बघून माझा आधी संतापच झाला. सगळं उघडं, कुठं व्हॉल्व्ह नाही, कुठं पाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कडक ऊन पडलं होतं. खाडीच्या काठावरून होड्या पलीकडच्या वाळूच्या बेटाकडं जात होत्या, तिथं पाण्यावरचे सगळे खेळ चालतात. फॉर्मवर हृदयविकार आहे का असं विचारलं होतं, मी खरं लिहिलं, आणि तिथल्या माणसानं नम्रपणे मला थांबायला सांगितलं. मला मनातून सुटल्यासारखं झालं. बायको मात्र नारिंगी जाकीट घालून लेक-जावयाबरोबर निघाली. थोड्या वेळानं पाहतो तर ती त्या लांबोळ्या पिवळ्या बनाना राइडवर बसलेली, आणि तिचं ओरडणं मला या काठावर ऐकू येत होतं. सत्तावन्न वर्षांची बाई. तिला असं खिदळताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आनंद झाला, आणि तिचं हसू इतके दिवस कुणी बंद करून ठेवलं होतं तेही कळलं.

काठावर एक बाई गोड्या पाण्याच्या पिंपात वापरलेली जाकिटं बुचकळून दोरीवर टाकत होती. साधारण माझ्या बायकोच्याच वयाची, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. सगळे गेले, तुम्हीच का मागं, असं तिनं विचारलं. का कुणास ठाऊक, जे मी भावाला सांगितलं नव्हतं ते मी त्या अनोळखी बाईला सांगितलं. ऑपरेशन, खुर्ची, मनगटावरची बोटं, सगळं. तिनं कीव केली नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तेवढं विचारून घेतलं आणि म्हणाली, "मगे आंघोळ तरी करतात मा? ही पण आंघोळच." एक जाकीट माझ्या अंगावर चढवून तिनं पट्टे आवळले आणि मला कमरेएवढ्या संथ पाण्यात नेलं.

मागं रेला, असं ती म्हणाली. मी रेललो, पण मान ताठ ठेवली, कारण बघायला नको का काय चाललंय ते. मान वर, म्हणून कंबर खाली. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. मी हातपाय मारून पाणी नुसतं घुसळलं. ती शांतपणे बघत होती. तिनं माझ्या जाकिटाचा पट्टा एका बोटानं धरला आणि म्हणाली, "तुमी कायच करू नकात. काय करूचा ता पाणी करता."

डोळे मिटले. आणि तेव्हा, देवाशपथ सांगतो, मी न आठवता मला माझा मारुती आठवला. शेंदरानं माखलेला, आडवा, निवांत. ज्यानं द्रोणागिरी उचलला, लंका जाळली, त्यालाही एका क्षणी सगळं खाली ठेवून पडावंसं वाटलं. मग मी कोण लागून गेलो? तो कसा पडलाय तसं पडावं, एवढंच मनात आलं आणि मी मान सोडून दिली.

कान पाण्याखाली गेले. काठावरचा गलका, होड्यांचे आवाज, सगळं एकदम दूर गेलं. त्या शांततेत एकच आवाज उरला, धप्, धप्, धप्. माझंच काळीज. सात महिने ज्याच्यावर मी पहारा केला, ते आत आपलं काम करत होतं. माझे दोन्ही हात पाण्यावर पसरलेले होते, मनगटावर एकही बोट नव्हतं, आणि तरीही ते चाललं होतं. माझ्या चावीवाचून चाललं होतं. माझ्या जन्माआधी आईच्या पोटात ते सुरू झालं तेव्हा मी कुठली चावी फिरवली होती? मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं ते खाडीच्या पाण्यात मिसळून गेलं. मारुतीनं रामाचं भजन ऐकलं असेल. माझ्यासारख्याला त्यानं हे ऐकवलं. किती वेळ पडलो होतो सांगता येणार नाही. मध्येच कुठून तरी घरघर ऐकू आली, पण मी लक्ष दिलं नाही.

ती घरघर बायकोच्या होडीची होती. तिनं लांबून पाहिलं ते एवढंच, की आपला नवरा पाण्यावर उताणा पडलाय आणि हलत नाही. होडी नीट लागायच्या आत तिनं पाण्यात पाय टाकला. जाकीटवाली बाई हातानं खुणावत होती, पण ही कुठं बघायला. माझ्या तोंडावर सावली पडली म्हणून डोळे उघडले, तर वर तिचा पांढराफटक चेहरा.

"अहो, बोला की हो काहीतरी," ती म्हणाली.

"अगं, काही नाही. पडलोय जरा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी आडवा आहे, हे तिच्या हळूहळू लक्षात आलं. मग ती तिथंच पाण्यात मटकन खाली बसली आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात बसून हसत हसत रडली. मीही रडलो. लेक-जावई होडीतच अवघडून उभे होते.

त्या दुपारी खोलीवर मी पलंगाला पाठ टेकली. पाटा आला नाही. जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून उतरलं होतं आणि शेजारी बायको तोंड पलीकडं करून गाढ झोपली होती, हलकी घोरतही होती. सात महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं पाठ केली होती. निघण्याआधी त्या बाईचे आभार मानायला काठावर गेलो. ती जाकिटंच धूत होती. मी हात जोडले तसं तिनं ओल्या हातांनी नमस्कार केला आणि पुन्हा कामाला लागली. तिला कुणी पाठवलं होतं, या वादात मी पडत नाही. मला जे पोचायचं होतं ते पोचलं.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही जोडीनं खुलताबादला गेलो. शेवटचा टप्पा तिच्या हट्टानं अनवाणी चाललो. गाभाऱ्यात तो तसाच पडलेला. आयुष्यभर मी त्याच्यापुढं मागण्यांची यादी वाचली, मग त्याला टोमणे मारले. त्या दिवशी तोंडातून काही निघेना. मन भरलेलं होतं, आणि त्यात मागायला जागाच नव्हती. बाहेर आल्यावर बायकोनं प्रसादाचा तुकडा माझ्या हातावर ठेवत विचारलं, काय मागितलंत?

"काही नाही," मी म्हणालो. "निजलेल्याला कशाला उठवायचं?"