एक ‘तयार’, दोन टाक्या

माझ्या हुशारीची गोष्ट सांगते. चहा संपेपर्यंत हुशारीही संपेल.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत रसायनं शिजवायच्या दोन मोठ्या टाक्या. वाफ कधी सोडायची, हे संगणक ठरवतो. झाकण बंद पाहिजे, गार पाणी चालू पाहिजे, आतला पंखा फिरता पाहिजे, तरच वाफ. ही अट जुन्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी लिहिलेली, सात पानं. मी नवी इंजिनियर. म्हटलं, एवढं रामायण कशाला? सगळ्या अटींना मिळून एक नाव ठेवू, ‘तयार’. त्याचा अर्थ एकदाच सांगायचा, पुढे नुसतं ‘तयार’ लिहायचं. अर्थ तोच, पानं दीड!

मोरिवलीचे गायकवाडकाका आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. त्यांना मी अर्धा तास हे समजावलं. ते एवढंच म्हणाले, की बरंय, पण आधी साध्या पाण्यावर बघू.

चाचणीला मोठे साहेब स्वतः आले. पहिल्या टाकीचं झाकण मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे बटण दाबलं तरी वाफ येता कामा नये. काका टॉर्च घेऊन टाकीत वाकून बघत होते. मी ऐटीत बटण दाबलं.

खट्. वाफेचा व्हॉल्व्ह उघडला.

साहेब धावले. काका मात्र सावकाश सरळ झाले.

“घाबरू नका मॅडम. वाफेच्या पाइपवरचा मागचा हँड व्हॉल्व्ह मी सकाळीच बंद केलाय.”

मी तिथंच पायरीवर बसले. मग प्रोग्रॅम उघडला. ‘तयार’चा अर्थ मी दोनदा सांगितला होता! आधी पहिल्या टाकीसाठी, मग तीच ओळ उचलून दुसरीसाठी, आणि नाव बदलायला विसरले. संगणक शेवटी सांगितलेलं खरं धरतो. दुसरी टाकी खरंच तयार होती, म्हणून त्यानं पहिलीचा व्हॉल्व्ह उघडला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

साहेब रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. ‘तयार एक’, ‘तयार दोन’ केलं आणि आठ दिवस ओळन् ओळ तपासली.

पुढच्या वर्षी बदलापूरला आमच्या मुलीचं बारसं. नणंद तिच्या कानाशी वाकल्या, तसा मी त्यांचा हात धरला.

“थांबा ताई. बिल्डिंगमध्ये या नावाची दुसरी कोणी नाही ना?”

बायका हसल्या. नवरा बिचारा चार मजले विचारून आला. त्या नावाच्या दोघी निघाल्या.

दुसरं नाव काही ठरेना, म्हणून घरात सगळे तिला ‘बाळ’ म्हणू लागले. आता संध्याकाळी गॅलरीतून ‘बाळ’ अशी हाक मारली, की खालची सहा पोरं एकदम वर बघतात.