शाळेपुढचा हापसा

तेहतीस वर्षं मी हापसे दुरुस्त केले. धुळे जिल्ह्यात दुरुस्तीच्या गाडीवर मेकॅनिक होतो. निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन रावेरला मुलाकडे आलो.

पहिलं वर्ष मजेत गेलं. नातीला शाळेत सोडायचं, येताना केळीचे ट्रक भरत असायचे ते बघत उभं राहायचं, घरी येऊन पेपर वाचायचा. पुढच्या वर्षी तोच पेपर मी दोनदा वाचू लागलो. मग घरातले नळ उघडायला सुरुवात केली. एकदा बायको म्हणाली, “अहो, तो नळ गळत नव्हता. तुम्ही दुरुस्त केलात तेव्हापासून गळतोय.” अशी सात वर्षं गेली. तब्येत ठणठणीत, मुलगा-सून चांगले, तक्रारीला जागा नाही. तरी सकाळी डोळे उघडले की आजचा दिवस कुठे ठेवायचा, हा प्रश्न पडायचा.

खरं सांगायचं तर नोकरीत असताना या कामाचा मला कंटाळाच होता. गावात पोचलो की उशीर झाला म्हणून लोक बोलायचे. हापसा सुरू झाला की आम्ही पाने पेटीत टाकायचो आणि पुढच्या गावाला निघायचो. मागे वळून बघायला वेळच नसायचा.

दोन वर्षांपूर्वी मुलीची बदली साक्री तालुक्यात, डोंगराकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत झाली. उन्हाळ्याच्या तोंडाला आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो आणि एके दिवशी मी तिच्याबरोबर शाळा बघायला गेलो. शाळेपुढे हापसा होता. त्याच्या दांड्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती.

गोधडीशेजारी एक म्हातारी अक्का उभी होती. मी विचारलं, “अक्का, हापसा चालत नाही का?”

“दिवाळीपासून बंद शे, नाना. बठ्ठ्या बाया नदीमा जातीस, वाळू उकरीसन पानी भरतीस. गाडी यी म्हनतस.”

मी गोधडी बाजूला केली आणि दांडा चार वेळा हलवला. हलका लागला, खालून वजनच येईना. वॉशर गेले होते, बाकी हापसा धडधाकट. बोअरच्या तळाशी काय झालंय ते मला वरून दिसल्यासारखं कळलं, आणि इतका आनंद झाला की मी तिथेच मोठ्याने हसलो. मुलगी वर्गातून बाहेर आली. “बाबा, काय झालं?”

“काही नाही. हा सुरू होईल.”

सरपंचांची परवानगी मागितली, तर ते म्हणाले, “करा नाना. बंदच आहे, आणखी काय बंद पडणार?” दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाऊन वॉशर आणले. माझा एक जुना सहकारी अजून गाडीवर आहे, त्याच्याकडून दोन दिवसांसाठी पाने आणि पाइप धरायचा क्लॅम्प मागून घेतला. “झेपेल का आता?” त्याने विचारलं. “बघू,” म्हटलं.

तळाचे वॉशर बदलायचे तर बोअरमधले सगळे पाइप वर ओढावे लागतात. अकरा पाइप, पाण्याने भरलेले. मदतीला गडी मिळतील असं मी धरून चाललो होतो, पण पुरुष मजुरीला बाहेरगावी गेलेले. सहा बाया पदर खोचून पुढे आल्या. चार पाइप व्यवस्थित निघाले. पाचव्याला माझा हात निसटला, क्लॅम्प नीट बसला नाही आणि पाइप खाली सरकू लागला. तो सुटला असता तर सगळा माल बोअरमध्ये गेला असता. तेवढ्यात मागून एक तरुण बाई धावली आणि क्लॅम्पच्या दांड्यावर सरळ बसलीच. पाइप जागच्या जागी थांबला.

मग ती बसल्या बसल्या म्हणाली, “नाना, आते तुम्ही बठा. आमले फक्त सांगा.”

मी तिच्या हातात पाना दिला आणि दगडावर बसलो. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला नवे वॉशर घालून सगळं पुन्हा खाली गेलं. अक्कानेच दांडा मारायला घेतला. आधी नुसता हवेचा आवाज, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ धार. “पानी उनं! पानी उनं!” पोरं धारेखाली घुसली, त्यांना ओढायला गेलेली माझी मुलगी नखशिखांत भिजली. या वेळी मला कुठेच जायचं नव्हतं. मी बघत बसलो. घरी गेल्यावर बायको म्हणाली, “आज तीन भाकरी खाल्ल्यात.”

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला साक्रीला जातो. सरपंचांनी पाड्यासाठी पान्यांची पेटी आणवली, ती त्या तरुण बाईच्या घरी असते. साखळी कशी सोडायची, पाइपांचे आटे कसे साफ करायचे, तळाचा पाइप झिजलाय की नाही ते कसं ओळखायचं, जेवढं मला येतं तेवढं सगळं मी त्यांना देतोय. नोकरीत हे शिकवावं असं कधी सुचलंच नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या पाड्याने या बायांना बोलावलं. मलाही नेलं, पण पाहुणा म्हणून. खाटेवर बसवलं, हातात चहा दिला. तरुण बाई वॉशर बसवत होती. चामड्याचा वॉशर वाटीसारखा असतो, वाटीचं तोंड वर हवं, नाहीतर पाणी चढत नाही. तिने तो उलटा घातला. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले. मी चहाचा घोट घेऊन ते गिळले. ती पाना फिरवू लागली, मध्येच थांबली, डोकं तिरकं करून वॉशरकडे पाहिलं, काढला आणि सुलटा बसवला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

तासाभराने धार लागली. पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन धावल्या. ती हात पुसत माझ्याकडे आली. “नाना, काई चुकनं का?”

“चहात साखर कमी होती,” मी म्हटलं.

दुसरा कप आला तो पाकासारखा गोड होता. मी पुरा प्यालो.