गोवरानंतरची शांता

"बाई, मुलगी वाचली. नजर मात्र परत येणार नाही." डॉक्टरीणबाईंनी शांताच्या डोळ्यांवरचा कापूस काढला आणि मला स्पष्ट सांगितलं.

लढाईचे दिवस होते. आम्ही पुणतांब्याला राहत होतो. हे तिथल्या शाळेत मास्तर. चार वर्षांच्या शांताला गोवर आला. ताप उतरला, पण डोळे चिकटले ते उघडेनात. उजेड सोसेना. गोवरात पथ्य म्हणून घरच्यांनी तिला नुसत्या पेजेवर ठेवलेलं. आगगाडीनं नगरला, मिशनच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

आजाराचं नाव केराटोमलेशिया. बुबुळावर काचेसारखा स्वच्छ पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. आजारानं अंग खंगलं आणि पोटात दूध, पालेभाजी गेली नाही, की तो पडदा मऊ पडून फुटतो. म्हणून आयांना सांगते, गोवरात मुलाचे डोळे कोरडे दिसले तर घरचे उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि मुलाचं खाणं तोडू नका.

औषधपाण्यासाठी आम्हाला वॉर्डात ठेवून घेतलं. शांता मला बिलगून असायची आणि मीही तिला खाली सोडत नव्हते. मोरीवर नेतानासुद्धा कडेवर.

शेजारच्या खाटेवर जामखेडकडच्या एक म्हातारबाई होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायची बंदी. त्यांची तरणी लेक चंद्रा सोबतीला होती. ती त्यांना घास भरवी, तोंड पुसून देई, नळावरून तांब्या भरून आणी. मला वाटायचं, ही मान जराशी तिरकी का ठेवते? मग कळलं, चंद्राला लहानपणीच देवी आल्या होत्या. तिला काहीच दिसत नव्हतं.

मी न राहवून विचारलं, "घरातलं दुसरं कुणी आलं नाही?"

ती हसली. "भावजय येनार हुती. म्या म्हनलं, आयला आता काय दिसत न्हाई, अशा टायमाला मीच बरी. मला लई सवय हाय."

खाटेवरून म्हातारबाई म्हणाल्या, "माझ्याशी भांडून चूल शिकली ही. पोळली, रडली, पर सोडली न्हाई."

त्या दिवशी प्रथमच मी शांताचा हात भिंतीला लावून दिला आणि तिच्या मागून चालले. ती खिडकीपर्यंत गेली आणि तिथं उभी राहून हाका मारू लागली, "आई, बघ, इथं वारा येतो!"

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी हिला काम द्या. मुंबईला आंधळ्या मुलांची शाळा आहे. ब्रेल नावाची लिपी असते, कागदावर उठलेले ठिपके बोटांनी वाचायचे. थोडी मोठी झाली की पाठवा."

घरी सासूबाईंनी आकांत मांडला. "न दिसनाऱ्या लेकराला लसूण सोलाया बसवतीस? आन् मुंबईला धाडनार? लोक काय म्हनतील?" मी तरीही शांताला कामं देत राहिले. हे तिला शाळेत शेजारी बसवून घेत. पाढे तिनं बघता बघता पाठ केले. एकदा सासूबाईंच्या हातून जात्यावर सांडलेल्या ज्वारीचा शांतानं चाचपून दाणा न् दाणा गोळा केला. त्या दिवसापासून लसूण सोलायला सासूबाईच तिला हाक मारू लागल्या. मुंबईला निघायचं ठरलं, तेव्हा शेंगदाण्याचे लाडू त्यांनीच वळले.

स्टेशनावर मी रडले. शांता मात्र डब्यात वडिलांच्या शेजारी बसून त्यांना विचारत होती, "दादा, तिथल्या पुस्तकात गोष्टी असतात ना?"

आता ती सुट्टीत घरी येते तेव्हा मांडीवर जाड पुस्तक घेऊन आजीला गोष्टी वाचून दाखवते. डॉक्टरीणबाईंचे आणि त्या मायलेकींचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. मुलीची नजर गेली याचं दुःख आहेच, पण तिच्या आयुष्याची भीती मला आता वाटत नाही.

गेल्या सुट्टीत शांताचं ऐकून राहात्याची एक बाई आपल्या न दिसणाऱ्या छोकरीला घेऊन आली. पोर पदराआड तोंड लपवून बसलेली. शांतानं तिला नाव विचारलं, हात धरला आणि म्हणाली, "चल, आमची कालवड दाखवते."

दोघी गोठ्याकडे निघाल्या. पोरीची आई घाईघाईनं उठली. "अवो, पडंल की ती!"

"पडली तर उठेल," मी म्हणाले. "बसा तुम्ही, चहा टाकते."