अप्पारावांची चूळ

भोकरदनच्या बाजारात माप चुकेल, पण अप्पारावांची जेवण संपवायची रीत चुकायची नाही. शेवटचा तुकडा कालवणात फिरवायचा, पितळीतच पाणी ओतून हात धुवायचा, त्याच पाण्यात खळखळून चूळ टाकायची आणि दाढेतली तंबाखू जिभेनं हुडकून तीही तिथंच सोडायची. वर एक ढेकर. मग पितळी बायकोपुढं सरकवायची. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवायचं, हा त्या घरचा रिवाज.

लग्नाला आठ दिवस झाले नव्हते तेव्हा गिरिजाबाईनं ते पाणी बघून भडाभडा ओकून टाकलं. सासूनं दिवस न मोजताच गल्लीभर गोड बातमी सांगून टाकली.

मग गिरिजाबाईनं तोड काढली. नवरा ओट्यावर गेला की पितळी मोरीत पालथी करायची, राखेनं घासायची, नवं वाढून घ्यायचं आणि दारातून दिसेल अशी जेवायला बसायची. बघणाऱ्याला पितळी तेवढी दिसे. "आमची ही माझ्या ताटाबिगर घास न्हाई घेत, म्हणून संसार टिकला," असं अप्पाराव पारावर छाती काढून सांगायचे. त्यानं गावात तिचं नाव चांगलं झालं होतं. ती पितळी घासत राहिली.

शहात्तर साली थोरल्या जावेच्या, नंदाबाईच्या भुजंगचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांदेखत पोरगं जेवलं आणि चुलत्याचं बघून शिकलेलं, त्यानंही पितळीत चूळ टाकली. नवी नवरी सत्यशीला तोंडाला पदर लावून बसली.

"नवऱ्याची किळस? असली पोर काय नांदणार!" नंदाबाई कडाडली. "जेव, न्हाईतर आजच माहेरी धाडते. गिरजे, सांग हिला, तू रोज कशी जेवतीस?"

गिरिजाबाईनं पितळीत पाहिलं. पिवळट पाण्यावर तेलाचे डोळे तरंगत होते, फुगलेली भाकरी तळाशी बसली होती. पलीकडं अप्पाराव मिशी पुसत कौतुकाची वाट बघत होते. बोलावं तर भावकीत नवऱ्याची अब्रू जाणार, आपलंही नाव जाणार. न बोलावं तर हे पाणी पोरीच्या पोटात जाणार.

"जाऊबाई, म्या एक दिवस बी तशी न्हाई जेवले," ती म्हणाली. "राखेनं घासते, मंग जेवते."

"म्हंजे इतकी वर्षं मला फसवून राह्यली तू?" अप्पाराव उठलेच.

"फसवलं म्हणून तर टिकलं. खरंच जेवले असते तर कव्हाच पळून गेले असते."

"एवढी किळस येती माझी?"

"तुमची न्हाई, तुमच्या चुळीची." मग जरा विचार करून म्हणाली, "थोडी तुमची बी."

बायका पदराआड फिदीफिदी हसल्या. पोरीला माहेरी धाडायचं तर आधी जावेला धाडावं लागणार, हे नंदाबाईच्या ध्यानात आलं. ती पुटपुटत चुलीकडं वळली. गिरिजाबाईनं पितळी मोरीत ओतली आणि सत्यशीलेला कोऱ्या ताटात वाढलं.

अप्पाराव दिवसभर फुगून बसले. संध्याकाळी जेवले, तांब्या उचलला, पितळीवर धरला, बायकोकडं पाहिलं आणि मुकाट अंगणात गेले. तिथं गाल फुगवून त्यांनी अशी चूळ मारली, की ती थेट दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या लुगड्यावर.

"अहो!" गिरिजाबाई घरातून किंचाळली.