आधी ऐका, मग घ्या

ग्रामोफोनची सुई रेकॉर्ड वाजवून झाली की बोथट होते. ती कुठेही टाकता येत नाही, कुणाच्या तरी पायात घुसते. म्हणून आमच्या दुकानात अशा सुयांसाठी एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. बाबा म्हणतात, गिऱ्हाइकांचे किस्सेही असेच साठतात. टाकवत नाहीत आणि टोचायचे थांबत नाहीत!

सीताबर्डीवर बाबांचं जुन्या रेडिओंचं आणि ग्रामोफोनचं दुकान आहे. साहेब लोक देश सोडून गेले, तेव्हा त्यांचं बरंच सामान बाबांनी विकत घेतलं. शाळा सुटली की मी दुकानात जाते. रेकॉर्ड पुसायच्या आणि सुई बदलायची, एवढंच माझं काम. त्यात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडतं.

दुकानात पाटी आहे: 'आधी ऐका, मग घ्या.' लोक तिचे पहिले दोनच शब्द वाचतात.

सगळ्यात जास्त ऐकला गेला तो एका रेल्वेच्या साहेबाचा रेडिओग्राम. एकाच पेटीत रेडिओ आणि ग्रामोफोन, उंची माझ्या खांद्याएवढी, पॉलिश असं की त्यात पाहून वेणी घालावी. दोन वर्षं तो कुणी घेतला नाही. शेवटी आई म्हणाली, "संक्रांतीपर्यंत गेला तर ठीक. नाहीतर आतलं यंत्र काढा आणि मला त्याचं कपाट करून द्या. लुगडी तरी राहतील!"

सुतार येऊन मापही घेऊन गेला. त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे देवाकडे पाहावं तशी पाहू लागले.

देव आले ते असे.

*

धंतोलीचे एक वकील आले. गाणं चालू असताना ते पेटीवर टिचक्या मारून पाहत होते. "शिसवी आहे का हो?" एवढंच त्यांनी विचारलं आणि चार दिवस घरी वाजवून पाहतो म्हणून हातगाडीवर घालून नेला.

पाचव्या दिवशी परत! "आवाज जरा जाडा वाटला," वकील म्हणाले. हातगाडीवाल्याने मागाहून सांगितलं, की त्या चार दिवसांत त्यांच्या थोरल्या मुलीला पाहायला मंडळी आली होती आणि लग्न ठरलंसुद्धा.

महिन्याभराने वकील पुन्हा हजर. घरात धाकटी मुलगी होतीच.

"काय हो, आता आवाज बारीक झाला असेल, नाही?"

*

एक गानरसिक आले. खुर्चीवर बसले, डोळे मिटले, मांडीवर हात ठेवला. बाबांनी बटण दाबलं. हा रेडिओग्राम गरम व्हायला थोडा वेळ घेतो आणि तोवर आतून नुसता घूं घूं करतो.

"अहाहा!" रसिक डोळे न उघडता म्हणाले. "तंबोरे काय लागलेत! हल्ली असं ऐकायला मिळत नाही हो!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रेकॉर्ड अजून माझ्या हातात होती.

*

क्रिकेटची टेस्ट सुरू झाली, की सचिवालयातले पाच कारकून रेडिओग्राम पसंत करायला रोज येत. पाचही जण एकच सेट पसंत करायला! चहाही आमचाच. चौथ्या दिवशी आपले गडी पटापट बाद होऊ लागले. त्यांतले सगळ्यात वडील कारकून बाबांना गंभीरपणे म्हणाले,

"सेट चांगला आहे, पण याच्यावर आपली विकेट फार पडते. दुसऱ्या सेटवर लावून पाहा बरं!"

*

एका खेड्याचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, आले. त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळी बटणं फिरवली आणि उठताना जाहीर केलं, "घेतला!" मला इतका आनंद झाला, की मी हातातली सुई डब्याबाहेर टाकली.

बाबांनी विचारलं, "घरी विजेचा पॉइंट कुठल्या खोलीत आहे?"

"वीज? आमच्या गावात वीज कुठची गा? येईल चार-दोन सालांत. तवर राहू द्या इथंच. मी आयकाले येत जाईन!"

*

भोगीच्या दिवशी सुतार हत्यारं घेऊन आला. तो मागची फळी उघडणार, तेवढ्यात उमरेडचा एक विणकर आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आत आला. त्यांच्या आळीतल्या सात घरांनी वर्गणी काढून सगळ्यांत मिळून एक सेट घ्यायचं ठरवलं होतं. पसंती म्हातारीची.

मी रेकॉर्ड लावली. म्हातारीने लगेच हात वर केला.

"असं नाही वं पोरी. इथं चिडीचूप आहे. आमच्या घरी दिवसभर माग खटखट करून राहते. त्यात आयकू आलं पाहिजे."

दुकानात माग कुठून आणायचा? म्हातारीने सुताराकडे बोट केलं. "त्याले म्हना, हान गा!"

सुताराने पिशवीतली एक सुटी फळी जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर हातोडी मारायला सुरुवात केली.

"सारखं हान! आमचा माग लंगडत नाही!"

सुतार सारखं हाणू लागला. मी सुई पुन्हा ठेवली, बाबांनी आवाज वाढवला. आधी नुसती खटखट. मग तिच्यावरून हळूहळू गाणाऱ्या बाईंचा आवाज वर आला, स्वच्छ.

हातोडी मंदावली. मग थांबली. सुतार ती तशीच वर धरून उभा राहिला.

"काहून थांबला गा?" म्हातारीने विचारलं.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं, रेडिओग्रामकडे पाहिलं, आणि ती पदर खोचून उठली.

"चाल बापू. हा नाही पाहिजे."

"काहून वं माय? चांगला तर वाजून राहिला!"

"म्हनूनच. याचा हात थांबला. आपल्या आळीतले सारे हात थांबले, त खायचं काय?"

दोघं निघून गेली. रेकॉर्ड संपली. बाबा माझ्याकडे न पाहता सुताराला म्हणाले, "चला, उघडा मागची फळी."

सुताराने हातोडी पिशवीत टाकली. मग पटाशी टाकली, मग करवत.

"मालक, याचं कपाट मले नाही जमत. दुसरा सुतार पाहा."

आणि तो रेडिओग्रामसमोर मांडी घालून बसला.

"पोरी, दुसरी बाजू लाव वं."